आज कोण आलं नाही?

वॉर्डाच्या दारात पाऊल टाकलं की आमचे डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचे, "आज कोण आलं नाही?"

नवा शिकाऊ डॉक्टर असला की तो बावचळायचा. त्याला वाटायचं, नर्सेसची हजेरी विचारताहेत. मग तो माझ्याकडे बघायचा आणि मी मुद्दाम छताकडे बघायची. शेवटी तो चाचरत म्हणायचा, "सर, सगळे आहेत. सगळ्या खाटा भरल्यात."

"खाटांवर कोण आहे ते मला दिसतंय रे. डोळे आहेत मला. कोण नाही ते सांग."

एवढं बोलून डॉक्टर पहिल्या खाटेकडे वळत. पोरगा बिचारा दिवसभर हिरमुसलेला असे. संध्याकाळी चहाच्या वेळी मला विचारी, "सिस्टर, सरांचं वय झालं का हो?" मी म्हणे, "झालं. पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही." पुढचं सांगायला मात्र बसत नसे. सांगण्यासारखं ते नव्हतंच. त्या प्रश्नाच्या पाठीमागे लालबागचा एक लहान मुलगा होता आणि डॉक्टरांच्या तोंडून हसत हसत निघालेलं एक चुकीचं वाक्य होतं. त्या वाक्यावर त्या मुलाचा जीव टांगला गेला होता, आणि ते डॉक्टरांना फार उशिरा कळलं.

आता इतकी वर्षं झाली. मी निवृत्त होऊन दादरच्या घरात बसले आहे, डॉक्टर तर कधीचेच गेले. आता सांगायला हरकत नाही.

परळच्या आमच्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डाचे ते मुख्य. मूळचे गिरगावचे. मूळचे म्हणजे अगदी मुळापासून. घराणं पिढ्यान् पिढ्या मुंबईतलं. आजोबा, पणजोबा कुठल्या कुठल्या कचेरीत कारकून, चार खोल्यांची जुनी मिळकत, घरात बोलण्याची एक वेगळीच जुनी ढब. लांब बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि पायात मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांचा आवाज होत नाही, मुलं दचकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण पायाची भोवरी होती, हे मला त्यांच्या पत्नीने सांगितलं.

मुंबईत ओळख झाली की माणूस पुढचा प्रश्न विचारतो, "गाव कुठलं?" डॉक्टर म्हणत, "गिरगाव." समोरचा हसून म्हणे, "ते झालं हो, पण गाव?" डॉक्टर म्हणत, "अहो, नावातच गाव आहे, आणखी किती पाहिजे?" विनोद जुना होता आणि ते तो पुन्हा पुन्हा करत. पण त्यात थोडं दुखणंही होतं. मे महिन्यात त्यांची अख्खी वाडी रिकामी व्हायची. कुणी राजापूरला, कुणी देवगडला, कुणी अलिबागेकडे. हे आपले गॅलरीत एकटे. सुट्टी संपवून आलेल्या शेजाऱ्यांना पकडून ते विचारत, विहिरीला रहाट असतो की पोहरा सोडतात? गोठ्यातल्या गाईला नाव ठेवतात का? रात्री खरंच इतका काळोख असतो की आपला हात आपल्याला दिसत नाही? ठाण्याची खाडी ओलांडून ते कधी गेलेच नव्हते. त्यामुळे त्यांनी डोक्यात स्वतःचं एक गाव बसवलं होतं. त्या गावात झाडं होती, स्वच्छ वारा होता, दूध होतं. तिथे खोकला नव्हता.

माणसांशी बोलण्याची त्यांची तऱ्हा उलटी होती. डॉक्टर मंडळींना, अगदी त्यांच्या बरोबरीच्यांनाही, अरे-तुरे. आणि पेशंट पोरांना अहो-जाहो. दोन वर्षांच्या पोराच्या खाटेशी वाकून ते म्हणत, "काय राव, आज नाक का वाहतंय आपलं? रात्री झोप लागली ना?" आणि ते पोर, जे माझ्या हातून औषधाचा एक थेंब घेत नसे, ते आ करून औषध गिळायचं. मी म्हणे, "मी पण अहो म्हणून बघते." ते म्हणत, "तुमच्या अहोत जरब आहे सिस्टर." होतीच. वॉर्ड चालवायचा म्हणजे कुणाला तरी जरब लागतेच.

गिरण्यांच्या बाजूच्या खिडकीच्या गजाला ते सकाळी एक धुतलेला पांढरा रुमाल बांधत. संध्याकाळपर्यंत त्यावर काजळी बसे. मुलांना भेटायला येणाऱ्या आयाबापांना ते रुमाल दाखवत आणि म्हणत, "हे बघा. हे तुमची मुलं दिवसभर खातात." आया घाबरून पदर तोंडाला लावत. बाप ओशाळून हसत. तो धूर ज्या चिमण्यांतून येई, तिथूनच त्यांचा पगार येत होता. तो काळवंडलेला रुमाल धुवायचा कुणी, ह्यावर माझं आणि त्यांचं दर आठवड्याला एक भांडण होई. शेवटी ते रुमाल घरी नेऊ लागले आणि मग त्यांच्या पत्नीचं आणि त्यांचं भांडण होऊ लागलं.

रुमालावरूनच त्यांचा सिद्धांत तयार झाला. न्यूमोनिया हा मुंबईचा रोग आहे, असं ते ठासून सांगत. पुरावा काय, तर आमचा वॉर्ड. खाटांवरून हात फिरवत ते म्हणत, "हा लालबाग. हा परळ. ह्या बाई काळाचौकी. हा भायखळा. गावाकडचं एक तरी पोर आहे का इथे? अख्ख्या वर्षात किती आली? बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे काय? तिथे हा रोग नाही."

त्यांच्या ह्या म्हणण्यात कुणाला काही खोट दिसत नसे. आम्ही रोज तेच बघत होतो. डॉक्टरांच्या एका मोठ्या सभेत त्यांनी ह्यावर भाषणही केलं. वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी हट्टाने मागच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. रुमाल फडकवून दाखवला तेव्हा काय टाळ्या पडल्या! परत येताना ते इतके खुशीत होते की ट्राममध्ये सगळ्यांची तिकिटं त्यांनीच काढली.

तेव्हापासून बरं होऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ते एक औषध जास्त देऊ लागले. "गावाला पाठवा." हवापालट त्या काळी सगळेच डॉक्टर सांगत, पण आमचे डॉक्टर ते शब्द ज्या गोडीने उच्चारत, तशी गोडी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. स्वतःला न मिळालेली मिठाई दुसऱ्याच्या पोराला भरवावी, तसं ते देत.

सद्या आमचा जुना पेशंट. त्याचा बाप लवू लालबागच्या एका गिरणीत साच्यावर कापड विणायचा. मूळ मालवणकडचा. नवराबायको, सद्या आणि एक तान्ही मुलगी, सगळे एका चाळीत दुसऱ्या दोन कुटुंबांबरोबर एका खोलीत राहत. सद्या पाचेक वर्षांचा, काडीसारखा, डोळे तेवढे मोठे. दर थंडीत आणि दर पावसाळ्यात तो छाती भरून आमच्याकडे यायचा. त्याला वॉर्डातली त्याची खाट ठाऊक होती. तिच्यावर दुसरं कोणी असलं तर तो रुसायचा. डॉक्टरांचा त्याच्यावर फार जीव. "या सदानंदराव, पुन्हा आलात? आमच्याशिवाय करमत नाही वाटतं," असं म्हणून ते आधी त्याचा सदरा वर करून पोटाकडे बघत. नळी नंतर लावत. श्वास डोळ्यांनी ऐकायचा, मग कानांनी, असं ते शिकाऊ डॉक्टरांना शिकवायचे. फासळ्यांच्या खालची खळी श्वासागणिक आत ओढली जात असली, की मूल संकटात.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला सद्या बरा होऊन निघाला. पावसाळ्यात बंद असलेल्या कोकणच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांनी लवूला आणि त्याच्या बायकोला समोर बसवलं आणि सांगितलं, ह्या वेळी पोराला चाळीत ठेवायचं नाही. आईने त्याला घेऊन सरळ गावाला जायचं आणि एक अख्खं वर्ष तिथे राहायचं.

सद्याची आई कडेवरच्या तान्हीला थोपटत उभी होती. तिने विचारलं, "डॉक्टरानू, आमच्या गावाक दवाखानो नाय. पोराक परत झाला तर काय करूचा?"

डॉक्टर मनापासून हसले. "अहो बाई, तिथे दवाखाना नाही, कारण तिथे तो लागतच नाही!"

लवूही हसला. मग डॉक्टरांनी तान्हीच्या हनुवटीला बोट लावलं. "आणि ह्या कोण बाईसाहेब? ह्यांनाही न्या. ह्यांनाही खाऊ दे चांगली हवा."

न्यायची नाही तर ठेवणार कुठे? ती आईच्या अंगावर पीत होती. माणसं गेली. वॉर्डाच्या दारातून सद्याने डॉक्टरांना हात हलवला आणि डॉक्टर दिवसभर खुशीत होते.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं. माझा धाकटा भाऊ मोर्च्यांना जायचा आणि आई दारात बसून राहायची. डॉक्टरांना राजकारणात रस नव्हता. मुंबई कोणाची, म्हणून कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "माझी. बाकीचं तुम्ही ठरवा." पण गोळीबार झाला, पोरं पडली, आणि लालबाग-परळला संचारबंदी लागली, तेव्हा त्यांचाही विनोद थांबला. आम्ही हॉस्पिटलातच अडकलो. खाली मोठ्या माणसांच्या वॉर्डांत जागा उरली नाही. जखमी माणसं जमिनीवर निजवली होती आणि आमच्या निम्म्या नर्सेस मदतीला खाली गेल्या होत्या.

आणि मुलांचा वॉर्ड मात्र रिकामा होऊ लागला. होती ती मुलं बरी होत होती, नवं एकही येत नव्हतं. ऐन थंडीत, जेव्हा एरवी दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकाव्या लागत, तेव्हा आमच्याकडे खाटेमागून खाट उघडी. गिरण्या बंद होत्या. खिडकीतला रुमाल संध्याकाळी उतरवला तर सकाळी बांधला तसाच पांढरा.

डॉक्टरांनी तो माझ्यासमोर धरला. खाली माणसं कण्हत होती, त्यामुळे ते आवाज दाबून बोलत होते, पण चेहऱ्यावरचा आनंद काही त्यांना लपवता येत नव्हता. "बघितलंत सिस्टर? भोंगे बंद, धूर बंद, न्यूमोनिया बंद! जन्मभर खटपट करून मला असा पुरावा मिळाला नसता."

मी मान डोलावली. मलाही ते पटलं होतं.

संचारबंदी सैल झाली त्या सकाळी बाया आल्या. एकीच्या पाठोपाठ एक, पोरांना धडप्यात गुंडाळून, धावत. फाटकापाशी एवढी गर्दी की रखवालदार बाजूला झाला. ती पोरं आमच्या नेहमीच्या पोरांसारखी नव्हती. आमच्याकडे लालबागच्या आया पोराला ताप चढला, खोकला वाजला की आणत. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर होतं. ही पोरं निळी पडली होती. नखं निळी, ओठ निळे. काही रडतसुद्धा नव्हती. प्राणवायूच्या नळकांड्या पुरेनात, पेनिसिलिन पुरेना. डॉक्टर कोट काढून, टोपी कुठेतरी टाकून, एका पोराकडून दुसऱ्याकडे धावत होते. त्या दिवशी आमच्या हातातून जी गेली, ती मी इथे सांगत बसत नाही.

त्यात एक म्हातारी होती. नातवाला घेऊन आलेली. डॉक्टरांनी पोराचा सदरा वर केला आणि हात तिथेच थांबवला. पोटावर, फासळ्यांच्या खाली, भाजल्याचे ताजे चट्टे होते.

"हे कुणी केलं?" डॉक्टर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना पेशंटच्या माणसावर ओरडताना ऐकलं.

"मीच केलंय," म्हातारी म्हणाली. "डबो उडत होतो, म्हणान डाग दिलंय."

"डबा? कुणाचा डबा?"

गिरगावच्या माणसाला डबा म्हटलं की जेवणाचाच डबा आठवणार. म्हातारीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ह्या माणसाला एवढंही ठाऊक नाही. तिने बोटाने दाखवलं. फासळ्यांखालची ती खळी, श्वासागणिक आत ओढली जाणारी. डॉक्टर जी सगळ्यांना आधी बघायला शिकवत, तीच. "ह्यो डबो. पोराचो डबो उडाक लागलो की डाग देतत. भायर पोलीस, खंय जातलंव? गावाक करतंव तसा केला."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. लालबागच्या बाया आमच्याकडे येताना 'निमोनिया' म्हणायला शिकल्या होत्या. जुना शब्द त्या हॉस्पिटलच्या बाहेर ठेवून येत. त्यामुळे मुलांच्या छातीत सारं आयुष्य घालवलेल्या माणसाने तो कधी ऐकलाच नव्हता.

"गावाला असंच करतात?" त्यांनी हळू विचारलं.

"मग काय करतले? थंय खंय हास्पिटल?"

"पण गावाला हा रोग... होतो?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "पोरा खंयची पण पोराच मा? थंडी पडली की जातत. घराघरातली जातत."

नातू वाचला तिचा. चट्ट्यांवर मी मलम लावायची आणि दर वेळी ती म्हातारी मला सांगायची, डाग दिला म्हणूनच तो हॉस्पिटलपर्यंत तगला. मी वाद घातला नाही.

त्याच दुपारी डॉक्टर हात धुता धुता माझ्याशी बोलले. बोलले म्हणजे स्वतःशीच. "वॉर्ड रिकामा होता तेव्हा रोग थांबला नव्हता हो सिस्टर. रस्ता थांबला होता. मधले दिवस लालबागचं गाव झालं होतं, एवढंच. आणि गावं तर बारा महिने तशीच आहेत." मग नळ तसाच वाहता ठेवून ते वळले. "सद्या," ते म्हणाले. "लवूला बोलवा."

लवू आला. सद्या कसा आहे, ह्यावर तो म्हणाला, "बरो आसा म्हणान गाववाल्यान सांगल्यान." डॉक्टरांचा विश्वास बसेना. कधी सांगितलं? कोण गाववाला? त्याने स्वतः पाहिलं का? लवू डोकं खाजवू लागला. शेवटी डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात धरले. "लवूराव, मी चुकलो. तुमच्या बायकोने बरोबर विचारलं होतं. पहिल्या बोटीने जा आणि पोराला घेऊन या. थंडी संपायच्या आत." एवढा मोठा डॉक्टर आपले हात धरून उभा आहे म्हटल्यावर लवूला दुसरं काही सुचणार नव्हतंच. गिरणीतून रजा काढून तो गेला.

बोटी तेव्हा वेळेवर येत नव्हत्या. कोकणची बोट यायची असली की डॉक्टर काम उरकून भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभे राहत. ते दिवस फार वाईट गेले. राउंड घेताना त्यांचं लक्ष नसे. सद्याची खाट त्यांनी कुणाला देऊ दिली नाही; मी देऊन टाकली, कारण पोरं जमिनीवर होती. एकदा ते म्हणाले, "मी ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांतली किती परत आली, ते कधी पाहिलंच नाही. परत आली नाहीत, म्हणजे मला वाटलं, बरी झाली."

त्या थंडीनंतर आमचे डॉक्टर कसे झाले, ह्याबद्दल लोक काय काय सांगतात. म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला होता. तसं काही नव्हतं. पुढच्या वर्षीच्या त्याच सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी मी इथे बोललो ते साफ चूक होतं. खाटेवर पोचली तेवढीच मुलं मी पाहिली. न पोचलेली पाहिली नाहीत. मुंबईत न्यूमोनिया जास्त नाही, मुंबईत खाटा जास्त आहेत." अध्यक्षांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला सांगितलं की एवढ्या मोठ्या माणसाचा हा विनय तरुणांनी शिकण्यासारखा आहे. पुन्हा टाळ्या पडल्या! आधीच्या वर्षाइतक्याच. डॉक्टर टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले, पण तोवर चहा आला होता. त्यांचं ते रुमालाचं भाषण मग कितीतरी वर्षं लोक आठवणीने सांगत. ही दुरुस्ती कुणालाच आठवत नसे. माणसाची चूक एवढी लाडकी व्हावी आणि त्याची कबुली कुणी ऐकूनही घेऊ नये, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा परळला गुढ्या उभारल्या, वॉर्डात आम्ही पेढे वाटले. माझा भाऊ गुलाल माखून मला भेटायला आला. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "छान झालं. मुंबई महाराष्ट्रात आली. आता महाराष्ट्र आमच्या वॉर्डात कधी येतोय ते बघायचं." भाऊ नंतर मला म्हणाला, तुझे डॉक्टर जरा तिरकसच आहेत. मला ते तिरकस वाटलं नाही. ते खरंच वाट बघत होते.

सुट्टीत ते कोकणात जाऊ लागले. बोट लागून अर्धमेले होत, पण औषधांची पेटी घेऊन जात. परतले की वॉर्डाच्या दारातच थांबत आणि आपला तो प्रश्न विचारत. उत्तर कोण देणार होतं? त्यांनाही ते ठाऊक होतं. एकट्या माणसाच्या पेटीने काय होणार, हेही ठाऊक होतं. माझ्या देखत तरी ते त्यावर कधी रडले-भेकले नाहीत. पण "गावाला पाठवा" हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

हे सगळं पुढचं. त्या थंडीत लवूची बोट आली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर धक्क्यावर होते. माझी पाळी संपली होती आणि त्यांना एकटं पाठवणं मला बरं वाटेना. बोटीतून माणसं उतरू लागली. गाठोडी, कोंबड्या, वळकट्या, आरडाओरडा. डॉक्टर टाचा उंचावून बघत होते. मला लवू आधी दिसला. त्याच्या खांद्यावर एक मूल बसलं होतं आणि ते हसत होतं.

तो सद्याच होता. ओळखू येईना असा. गालावर मांस आलं होतं, अंग तांबूस झालं होतं. डॉक्टर धावलेच. त्यांनी त्याला खांद्यावरून उतरवलं, तिथेच धक्क्यावर गुडघे टेकून सदरा वर केला, पोट बघितलं, छातीला कान लावला. "स्वच्छ!" ते ओरडले. "सिस्टर, छाती अगदी स्वच्छ! अहो सदानंदराव, काय खाल्लंत काय?" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. माझाही जीव भांड्यात पडला.

सद्याची आई मागून आली. डोक्यावर गाठोडं, दोन्ही हातांनी धरलेलं. कडेवर कोणी नव्हतं.

"तान्ही कुठाय?" मी विचारलं. मला वाटलं, आजीकडे ठेवली असेल.

बाईने नवऱ्याकडे बघितलं. लवू म्हणाला, "ता गेला, बाय. दिवाळेच्या मागसून. डबो झालो तेका."

डॉक्टर अजून गुडघ्यांवरच होते. त्यांनी हळूच सद्याचा सदरा खाली केला. "दिवाळीनंतर?" ते म्हणाले. "म्हणजे मी तुम्हाला बोलावलं, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग मला सांगितलं का नाहीत, लवूराव?"

लवूला खरोखरच नवल वाटलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, राग तर मुळीच नव्हता. "डॉक्टरानू, तुम्ही सद्याचा इचारल्यात," तो म्हणाला. "ता खंय तुमच्या खाटीर होता?"

डॉक्टर उठले. आई गाठोडं उतरवून खाली ठेवत होती. त्यातून तिने एक पिशवी काढली आणि लवूच्या हातात दिली. घरचे नारळ होते आणि हातसडीचे तांदूळ. लवूने ती डॉक्टरांपुढे केली. "तुमच्या सांगण्यावरसून गावाक गेलो, म्हणान पोर धड रवलो. ह्या घेवा. नाय म्हणा नकात."

डॉक्टरांचा हात काही पुढे येईना. मला वाटलं, मीच घ्यावी. तेवढ्यात त्यांनी ती घेतली.

धक्क्यावरून भायखळ्यापर्यंत आम्ही चालत आलो. पिशवी जड होती, त्यांचा खांदा एका बाजूला कलला होता. "द्या माझ्याकडे," मी दोनदा म्हटलं. त्यांनी दिली नाही. मला दादरला जायचं होतं, त्यांना गिरगावला. त्यांची ट्राम आधी आली. शेजारची जागा रिकामी होती, पायाशीही जागा होती. ट्राम सुटली तेव्हा मी खालून त्यांच्या खिडकीतून आत पाहिलं. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी धरून.